राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत : शेजारणीचे चाळीस दिवस



वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या आमच्या बचत गटांत हिंदू बाया आहेत, ख्रिस्ती बाया आहेत, पाड्यावरच्या आदिवासी बाया आहेत. एका सतरंजीवर बसतो, एकमेकींच्या कर्जाला जामीन राहतो. पण शेजारणीच्या घरात सणावाराला नेमकं काय चालतं, हे आपल्याला वरवरच ठाऊक असतं. नाताळ सगळ्यांना माहीत, कारण दारात तारा लागतो आणि घरी केक येतो. उपवासकाळ मात्र गाजावाजा न करता येतो. बैठकीत एखादी ताई म्हणते, "शुक्रवारी संध्याकाळी नको बाई, चर्चला जायचंय." एखादी पुढ्यात आलेली चिकन बिर्याणी हळूच बाजूला सारते. जेवण बनवून देणाऱ्या गटाला ख्रिस्ती लग्नांच्या ऑर्डरी एकदम बंद होतात. "का गं?" असं विचारायचं मात्र राहून जातं. म्हणून आजच्या भागात या चाळीस दिवसांची माहिती घेऊ. मी वसईच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक समाजाबद्दल सांगणार आहे. धर्मग्रामागणिक, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीगणिक, थोडाफार फरक असतोच.

तारीख कशी ठरते?

ईस्टर दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो, पण रविवारीच येतो. त्याचं गणित आपल्या पंचांगासारखंच चंद्रावर चालतं. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यानच पडतो. यंदा, २०२६ मध्ये, तो ५ एप्रिलला आहे. त्याआधीच्या गुरुवारी, २ एप्रिलला, ख्रिस्ती घरांत पवित्र गुरुवार असेल आणि हिंदू घरांत हनुमान जयंती. दोघींच्या सणाला चंद्र एकच!

ईस्टरच्या आधी ४६ दिवस मोजले की राखेचा बुधवार येतो. यंदा तो १८ फेब्रुवारीला होता. मग चाळीस दिवस कसे म्हणायचे? मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत. रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा, म्हणजे मरणातून पुन्हा उठण्याचा दिवस, म्हणून तो आनंदाचा. ४६ मधून ६ गेले, उरले चाळीस. येशूने रानात चाळीस दिवस उपवास केला, त्याची ही आठवण.

राख कुठून येते?

राखेच्या बुधवारी फादर प्रत्येकाला राख लावतात, बहुधा कपाळावर क्रुसाची खूण करून. माणूस मातीचा आहे, मातीलाच मिळणार आहे, तेव्हा वेळ आहे तोवर सुधार, असा तिचा अर्थ. ही राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांची असते. झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेली झावळी घरात क्रुसाच्या मागे खोचून ठेवतात. वर्षभराने त्या वाळलेल्या झावळ्या चर्चमध्ये परत नेतात आणि तिथे जाळून राख करतात. म्हणजे गेल्या वर्षीच्या आनंदाचीच यंदा राख होते.

त्या दिवसापासून चर्चचं रूप बदलतं. फादरांचा झगा जांभळा होतो. वेदीवर फुलं ठेवत नाहीत. 'आलेलुया' हा जयजयकार तर थेट ईस्टरच्या रात्रीपर्यंत थांबतो. वसईची माणसं फुलं पिकवणारी. वाडीत फुलं असताना वेदी मोकळी ठेवणं, हासुद्धा एक उपवासच.

उपवास म्हणजे साबुदाणा नव्हे

इथे आपला सगळ्यात जास्त गोंधळ होतो. आपल्या उपवासात धान्य बदलतं. भात-पोळी जाते आणि साबुदाणा, वरी, शेंगदाणे येतात. ख्रिस्ती उपवासात पदार्थांची अशी यादी नाही. भात चालतो, भाकरी चालते. तिथे दोन वेगळे नियम आहेत. पहिला नियम मांस वर्ज्य करण्याचा. राखेच्या बुधवारी आणि उपवासकाळातल्या प्रत्येक शुक्रवारी मटण-कोंबडी खायची नाही. हा वयाची १४ वर्षं पूर्ण झालेल्यांना लागू. मासळीला बंदी नाही. दुसरा नियम कमी खाण्याचा. दिवसातून एकदाच पोटभर जेवायचं, बाकी दोन वेळा थोडंसं. हा नियम फक्त दोन दिवस सक्तीचा, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. तो १८ ते ५९ वयाच्या माणसांना लागू. बरेच जण याच्या पुढे जाऊन चाळीसही दिवस मांस सोडतात. कुणी दारू, कुणी तंबाखू, कुणी चहा, कुणी मोबाइलवरच्या मालिका सोडतात. चातुर्मासात आपण एखादी भाजी किंवा आवडीचा पदार्थ सोडतो ना, तसंच.

'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण आपण हसत हसत म्हणतो. तोच धोका इथेही आहे, असं ख्रिस्ती ताई स्वतःच सांगतात. मटण सोडलं आणि पापलेट-कोळंबीवर दुप्पट खर्च केला, तर नियम मोडत नाही, पण उपवासही होत नाही.

आता एक महत्त्वाचं. आजारी माणसं, गरोदर बाया आणि अंगावर पाजणाऱ्या आया यांच्यावर उपवासाची सक्ती नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोट रिकामं ठेवू नये. आपल्या बायांना आपणच सवलत द्यायला जड जातं. "सासूबाई करायच्या, मग मी का नको?" असं म्हणून रक्त कमी असलेली सून उपाशी पोटी वाडीत राबते. तिला सांगा, चर्चनेच तुला मोकळीक दिलेली आहे. खाण्याऐवजी दुसरं काही सोड, एखाद्या आजारी माणसाला भेटून ये. तेही चालतं.

तीन पाय

या काळाचे तीन पाय मानतात : प्रार्थना, उपवास आणि दान. एक मोडला तर तिवई पडते.

प्रार्थनेत मुख्य आहे 'क्रुसाची वाट'. येशूला मरणाची शिक्षा झाल्यापासून कबरेत ठेवेपर्यंतचे चौदा टप्पे असतात. शुक्रवारी एकेका टप्प्यापाशी थांबून प्रार्थना करतात, कधी चर्चमध्ये, कधी आळीतून फिरत. चौथ्या टप्प्यावर येशूला त्याची आई भेटते, आठव्यावर येरुशलेमच्या रडणाऱ्या बाया भेटतात. याच दिवसांत लोक फादरांजवळ पापनिवेदन करतात. ज्यांचं आपसांत वाकडं आहे त्यांनी ईस्टरच्या आत बोलतं व्हावं, अशी अपेक्षा असते. बांधावरून किंवा विहिरीवरून वर्षभर न बोललेले दोन भाऊ या दिवसांत एकमेकांच्या ओसरीवर बसले, तर उपवासाचं चीज झालं असं मानतात.

दानाचा नियम आम्हा बचत गटवाल्यांना विचार करायला लावणारा आहे. उपवासात वाचलेला पैसा आपला नव्हे, तो उपाशी माणसाचा. 'कारितास इंडिया' ही १९६२ मध्ये सुरू झालेली कॅथलिक चर्चची समाजसेवी संस्था उपवासकाळात भूक आणि रोगराई यांच्याविरुद्ध देशभर मोहीम चालवते, तिलाही चर्चमधून निधी जातो.

हिशेब करून पाहू. समजा, घरात आठवड्यातून दोनदा मटण-कोंबडी येते आणि ती सोडल्याने दर वेळी १५० रुपये वाचतात. सहा आठवड्यांत १,८०० रुपये झाले. समजा, घरधनी रोज ७० रुपयांची दारू घेतो आणि त्याने चाळीस दिवस सोडली. ते २,८०० रुपये झाले. आमच्या एका गटात यावर चांगलीच चर्चा झाली. एक ताई म्हणाल्या, सगळे पैसे दानपेटीत टाकायचे, नाहीतर त्याग कसला? दुसऱ्या म्हणाल्या, जेवणातले वाचलेले पैसे पेटीत जाऊ देत, पण दारूचे पैसे मुळात माझ्या पोरांच्या फीचे होते, ते घरात परत आले पाहिजेत. मला दोघींचंही पटतं. पण दोघींनाही आकडा माहीत होता, कारण दोघींनी तो वहीत लिहिला होता. चाळीस दिवस लिहून ठेवा, मग ठरवा. न लिहिलेला पैसा पेटीतही जात नाही आणि पासबुकातही येत नाही.

दारूबद्दल आणखी दोन गोष्टी. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली, तर हात थरथरणं, भास होणं, झटके येणं असे जिवावर बेतणारे त्रास होऊ शकतात. अशा माणसाने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. आणि चाळीस दिवस पाळणारा माणूस पुष्कळदा ईस्टरच्या दुपारीच बाटली उघडतो. गटातल्या एकीने नवऱ्याला विचारलं, "चाळीस दिवस राहता आलं, मग एक्केचाळिसावा का जड जातो?" हा प्रश्न भांडणाच्या सुरात न विचारता, चांगला मुहूर्त पाहून विचारायचा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकांना फी नसते, हेही त्याच वेळी सांगायचं.

पवित्र आठवडा

ईस्टरच्या आधीचा रविवार झावळ्यांचा. येशू गाढवावर बसून येरुशलेमला आला तेव्हा लोकांनी फांद्या पसरून त्याचं स्वागत केलं. आपल्याकडे माडाच्या कोवळ्या झावळ्या हातात घेऊन मिरवणूक निघते. मुलं पात्यांचे क्रूस विणतात.

पवित्र गुरुवारी संध्याकाळी येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करतात. येशूने शिष्यांचे पाय धुतले होते, म्हणून फादर बारा जणांचे पाय धुतात. पूर्वी नियमाने फक्त पुरुषच निवडायचे. जानेवारी २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला आणि बायाही त्यात बसू शकतात असं ठरलं. त्या रात्री वेदीवरचं कापडसुद्धा काढून घेतात. घंटा मुक्या होतात. लोक आळीपाळीने येऊन उशिरापर्यंत प्रार्थनेला बसतात.

गुड फ्रायडेला जगात कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होत नाही. दुपारी तीनच्या सुमारास येशूच्या मरणाची कथा वाचतात आणि लोक एकेक करून क्रुसाचं चुंबन घेतात. मराठी प्रोटेस्टंट चर्चमध्ये या दुपारी क्रुसावरच्या सात उद्गारांवर प्रवचनं होतात. मैत्रिणींनो, हा दुखवट्याचा दिवस आहे. नावात 'गुड' आहे म्हणून "हॅपी गुड फ्रायडे" असा निरोप मोबाइलवर पाठवू नका. शुभेच्छा रविवारी द्या.

शनिवारचा दिवस शांत असतो. घरात मात्र बायांची झाडलोट आणि रविवारची तयारी चालू असते. रात्री चर्चमधले दिवे मालवतात. बाहेर नवा अग्नी पेटवतात आणि त्यावर एक मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर त्या वर्षाचे आकडे कोरलेले असतात. तिच्यावरून एकेकाची मेणबत्ती पेटत पेटत सगळं देऊळ उजळतं. जगाच्या निर्मितीपासूनच्या कथा वाचतात, मुक्या घंटा पुन्हा वाजतात, पाणी आशीर्वादित करतात आणि 'आलेलुया' परत येतो.

रविवारची गोष्ट तर आपल्या बायांची आहे. बायबलप्रमाणे पहाटे कबरेकडे गेल्या त्या बाया, आणि ती रिकामी असल्याची बातमी शिष्यांना सांगितली तीही बायांनी. शिष्यांना ते आधी खरं वाटेना! त्यांतल्या मरिया मग्दालियाच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्येच वरचा दर्जा देऊन तो शिष्यांच्या सणांच्या बरोबरीला आणला.

गटांनी काय करावं?

तीन सोप्या गोष्टी. एक, या काळात बैठक शुक्रवारी संध्याकाळी ठेवू नका आणि पवित्र आठवड्यात हप्त्याची तारीख पुढे-मागे करून घ्या. दोन, उपवासकाळात ख्रिस्ती लग्नं प्रथेने थांबतात आणि ईस्टरनंतर एप्रिल-मेमध्ये एकदम सुरू होतात. जेवणाच्या आणि सजावटीच्या गटांनी मंदीच्या दिवसांत भांडी, मसाले, मापं तयार ठेवावीत. लग्नासाठी कर्ज लागणार असेल तर अर्ज आत्ताच द्यावा, म्हणजे सावकाराचं दार ठोठवावं लागत नाही. गुड फ्रायडेचे क्रुसाचे बन आणि ईस्टरची मार्झिपानची अंडी घरी करणाऱ्या बायांनी ऑर्डरी आधी आणि निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. तीन, घरातल्या मंडळींना सांगा की शनिवारी रात्री उशिरापर्यंत चर्चमध्ये उभी राहिलेली बाईच रविवारी पहाटे उठून रश्शाचं वाटण वाटते आणि तांदळाच्या भाकऱ्या थापते. गुरुवारी पाय धुण्याचा विधी पाहून आलेल्या पुरुषांनी रविवारी भांडी धुतली, तर विधीचा अर्थ कळला असं म्हणता येईल.

आणि ईस्टरचा आनंद एका दिवसाचा नसतो बरं का. तो पुढे पन्नास दिवस, पेंटेकॉस्टपर्यंत चालतो. तेव्हा ५ एप्रिलला शेजारणीकडे जायला जमलं नाही, तरी पुढच्या बैठकीला तिला "ईस्टरच्या शुभेच्छा" म्हणा, चालतं. आणि तिच्या चाळीस दिवसांच्या वहीत काय आकडा जमला, तेही विचारा.