काळ्या पडद्यापुढचा चेहरा

नाटकाच्या रंगीत तालमीत कॅमेरा ऑटोवर ठेवून काढलेले फोटो बहुतेक वेळा एकाच तऱ्हेने बिघडतात. मागचा काळा पडदा धुरकट राखाडी येतो आणि स्पॉटखाली उभ्या असलेल्या नटाचा चेहरा पांढराफटक पडतो. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर तपशील उरतच नाही. प्रकाशयोजनाकाराने विचारपूर्वक राखलेला अंधार कॅमेऱ्याने परस्पर उजळून टाकलेला असतो. एक्स्पोजर स्वतःच्या हाताने लावायला शिकायचं तर रंगमंचासारखी जागा नाही, कारण कॅमेऱ्याचा अंदाज इथे हमखास चुकतो आणि तो का चुकतो हेही लख्ख दिसतं.

डीएसएलआरमधला मीटर वस्तूवरून परत येऊन लेन्समध्ये शिरलेला प्रकाश मोजतो. समोर काळी मखमल आहे की पांढरं धोतर, हे त्याला ठाऊक नसतं. दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे, असं तो धरून चालतो. फोटोग्राफरांच्या करड्या कार्डाचा रंग असतो तसं, पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत फेकणारं. चौकटीचा बहुतेक भाग काळ्या पडद्याने व्यापला की मीटरला वाटतं उजेड कमी पडतोय. मग तो एक्स्पोजर वाढवतो, पडदा करडा होईपर्यंत. बिचारा चेहरा त्या वाढीत जळून जातो.

मॅन्युअलमध्येही मीटर चालूच असतो, फक्त निर्णय तुमचा. डायल एमवर आणा आणि ऑटो आयएसओ आधी बंद करा. तो चालू राहिला तर तुम्ही शटर आणि अपर्चर कितीही नेमकं लावा, कॅमेरा मागच्या दाराने आयएसओ बदलत राहतो. मीटरिंग स्पॉटवर ठेवा, म्हणजे चौकटीतला अगदी लहानसा तुकडाच मोजला जाईल. कॅननच्या बहुतेक बॉडींत हा तुकडा मधोमध असतो, निकॉनमध्ये तो निवडलेल्या फोकस पॉइंटबरोबर सरकतो. हे माहीत नसलं की माणूस चेहऱ्यावर फोकस करतो आणि मोजतो भलतंच.

आता तीन आकडे. क्रम असा ठेवावा: अपर्चर, मग शटर, शेवटी आयएसओ. नाट्यगृहात उजेड कमी, म्हणून अपर्चर लेन्स देईल तेवढं मोठं ठेवावं, समजा एफ २.८. हा आकडा लहान तेवढं छिद्र मोठं, कारण तो लेन्सच्या फोकल लेंग्थला छिद्राच्या व्यासाने भागून येतो. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर एफ २ म्हणजे २५ मिलिमीटरचं छिद्र आणि एफ ४ म्हणजे साडेबाराचं. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाव होतं, म्हणजे प्रकाश दोन स्टॉप कमी. मधला एक स्टॉप एफ २.८ वर मिळतो. २, २.८, ४, ५.६, ८ ही विचित्र वाटणारी मालिका अशी आली आहे. पायरीगणिक प्रकाश निम्मा, म्हणजेच एक स्टॉप कमी.

कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ लेन्स वापरत असाल तर एक खाचखळगा आहे. तिचं सर्वांत मोठं अपर्चर १८ ला एफ ३.५ असतं, पण ५५ पर्यंत झूम केलं की ते ५.६ वर येतं. ३.५ वर मोजून झूम केलं तर फोटो सव्वा स्टॉपहून जास्त काळवंडतो. अशा लेन्सवर सुरुवातीपासूनच ५.६ लावावं.

शटर नटाच्या हालचालीवर ठरतं. उभ्या उभ्या संवाद चालू असेल तर १/१२५ पुरतं, झटापटीला १/२५०, नृत्याला त्याहून वेगवान. आयएसओ १६०० पासून सुरू करा. मग मीटरचा स्पॉट नटाच्या उजळलेल्या गालावर धरा आणि व्ह्यूफाइंडरमधली पट्टी बघा. गव्हाळ चेहऱ्यासाठी खूण शून्यावर किंवा त्याच्या किंचित पुढे असावी, गोऱ्या किंवा दाट मेकअपच्या चेहऱ्यासाठी जवळपास एक स्टॉप अधिक, सावळ्या चेहऱ्यासाठी शून्याच्या थोडी मागे. खूण तिथे येईपर्यंत आयएसओ हलवा.

आता कॅमेरा पडद्याकडे वळवा. खूण थेट उणे टोकाला जाऊन बसेल. काहीही बदलू नका. मॅन्युअलचा सगळा अर्थ या क्षणात आहे. पडदा काळाच आहे आणि तो काळाच यायला हवा. नट उजेडाच्या त्याच वर्तुळात आहे तोवर जवळून काढा, लांबून काढा, चौकटीत पडदा किती येतो यावर काहीच अवलंबून नाही. पट्टीवरची खूण नाचत राहील, चेहरा जसाच्या तसा राहील.

नट अचानक धावू लागला तर १/१२५ चं १/२५० करा आणि आयएसओ दुप्पट करा, १६०० असेल तर ३२०० वर न्या. एकीकडे प्रकाश निम्मा झाला, दुसरीकडे दुप्पट केला. बरोबरी झाली.

पहिला फोटो काढल्यावर स्क्रीनवर विश्वास टाकू नये. अंधाऱ्या प्रेक्षागृहात ती जरुरीपेक्षा उजळ भासते आणि फोटो छान आल्याचा भ्रम होतो. हिस्टोग्राम बघावा. तो इथे जवळजवळ सगळा डावीकडे साचलेला दिसेल आणि चेहऱ्याचा एक बारीक धागा उजवीकडे गेलेला असेल. हेच योग्य आहे. ढीग मध्यावर आणायच्या नादात चेहरा जाळू नका. मात्र तीन रंगांचे हिस्टोग्राम वेगवेगळे पाहायची सवय लावाच. निळ्या प्रकाशातल्या रात्रीच्या दृश्यात एकूण आलेख सुरक्षित दिसतो आणि निळा एकटा उजव्या भिंतीवर आदळलेला असतो. मग चेहऱ्यावर निळा डाग उरतो आणि गेलेला तपशील रॉ फाइलमधूनही परत येत नाही. सावलीतला तपशील, थोडा दाणेदार का होईना, बराचसा वर काढता येतो. म्हणून शंका असेल तेव्हा एक्स्पोजर चाकाचा एखादा खटका कमीच ठेवावं.

तालमीच्या हॉलमध्ये ट्यूबलाइट असतील तर शटरला आणखी एक बंधन येतं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. १/१०० किंवा १/५० ठेवलं तर प्रत्येक फोटोत सारखा उजेड येतो. त्याहून वेगवान शटरला काही फोटो अंधारे, काही पट्टेदार येतात. रंगमंचावरच्या हॅलोजन दिव्यांना हा त्रास जवळजवळ नाही. एलईडी दिवे लावले असतील तर आधी दोनचार फोटो काढून पट्टे तपासावेत. फ्लॅश मात्र कधीही नको. तो नटाचं लक्ष मोडतो आणि दिव्यांची सगळी रचना एका झटक्यात सपाट करतो.

बहुतेक कॅमेऱ्यांत चाकाचा एक खटका म्हणजे तृतीयांश स्टॉप, तीन खटके म्हणजे एक. हे बोटांना पाठ झालं की डोळा व्ह्यूफाइंडरवरून काढावा लागत नाही. रंगीत तालमीत प्रवेशागणिक चेहऱ्यावरचं माप वहीत टिपून ठेवावं. प्रयोगाला प्रकाशयोजना सहसा तीच असते, त्यामुळे पुढच्या प्रवेशाला किती खटके लागणार हे आधीच माहीत असतं. शेवटच्या नमस्काराला सगळे दिवे एकदम लागतात. तिथे टिपणाप्रमाणे दोन स्टॉप उजेड वाढणार असेल, तर शेवटच्या संवादाचा फोटो मिळताच शटर सहा खटके पुढे न्यावं, १/१२५ वरून १/५०० वर.