बाळाचे पहिले ताट

तंजावरला गेलेला प्रवासी बृहदीश्वराचे दर्शन घेतो, राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहतो व परतताना बहुधा एखादे तंजावरी ताट विकत घेतो. तांबे, पितळ आणि चांदी यांच्या मिलाफातून घडविलेल्या या ताटाच्या मध्यभागी देवतेची उठावदार आकृती असते आणि भोवती नाजूक वेलबुट्टी. घरी आल्यावर हे ताट दिवाणखान्याच्या भिंतीवर विराजमान होते. त्यात कोणी जेवत नाही. ते जेवणासाठी घडविलेलेच नसते.

परंतु त्याच नगरातील घराघरांतून रोज दुसरेही एक ताट मांडले जाते. ते लहान असते, कडेला पोचे पडलेले असते, आणि त्याच्यासमोर वर्ष-दीड वर्षाचे एखादे बालक फतकल मारून बसलेले असते. तुपासह कालविलेला वरण-भात ते पाची बोटांनी कुस्करते, थोडा तोंडात घालते, थोडा केसांना लावते आणि उरलेला जमिनीवर सांडते. वाचकहो, या दुसऱ्या ताटाविषयी आज दोन शब्द लिहावयाचे आहेत. पहिले ताट निवडताना चूक झाली तर फार तर भिंत कमी शोभेल. दुसरे निवडताना चूक झाली तर तिचे मोल बालकाच्या प्रकृतीला द्यावे लागते.

बोंडले आणि पालाडै

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली. ते राज्य १८५५ साली संपुष्टात आले, पण मराठी कुटुंबे तेथेच राहिली. आजही त्यांच्या घरात जुन्या वळणाची मराठी आणि दाराबाहेर तमिळ बोलली जाते. दोन भाषांत वाढणाऱ्या अशा घरांत बाळाच्या भांड्यांनाही दोन-दोन नावे असावीत यात नवल नाही. तान्ह्या मुलाला दूध पाजण्याचे जे चोचीचे लहान भांडे, त्याला आपल्या आज्या ‘बोंडले’ म्हणत. तमिळ घरांत त्याच जातीचे भांडे ‘पालाडै’ या नावाने ओळखले जाते.

हे जुने भांडे कालबाह्य झाले असे मात्र समजू नये. कमी वजनाची, अंगावर नीट ओढता न येणारी बालके जन्मली की भारतातील अनेक रुग्णालयांतून त्यांना आईचे काढलेले दूध पालाडैनेच पाजतात. अशा बालकांसाठी बाटलीऐवजी पेला, चमचा किंवा पालाडै वापरावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली केली आहे. कारण अगदी साधे आहे. या भांड्याला आतून-बाहेरून हात पोहोचतो, ते उकळता येते, आणि दूध किती गेले व किती सांडले हे डोळ्यांना दिसते. बाटलीचे बूच आणि रबरी बोंडी यांच्या कोपऱ्यांत दुधाचा जो साका राहतो, तो काढणे फार कठीण जाते. बाटलीचा प्रसार रोखण्यासाठी आपल्या संसदेने १९९२ साली स्वतंत्र कायदाच केला, आणि दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली.

या जुन्या भांड्यापासून पहिला धडा घ्यावयाचा तो असा: ज्या भांड्याच्या प्रत्येक कोपऱ्यात आपले बोट जाते, तेच भांडे बाळासाठी योग्य.

पुण्यात उलगडलेले कोडे

आता धातूचा विचार करू. कावेरीच्या खोऱ्यात पितळेला मोठा मान आहे. कुंभकोणम् आणि त्याजवळील नाच्चियारकोइल येथील पितळकाम प्रसिद्धच आहे. आपल्याकडेही आजोळाहून बाळासाठी पितळेचे लखलखीत भांडे यावे, ही रीत जुनी. या कौतुकामागील माया शंकेपलीकडची आहे. परंतु एक गोष्ट प्रत्येक आईने आणि आजीने जाणून घ्यावी.

गेल्या शतकात आपल्या देशात लहान मुलांना यकृताचा एक दारुण विकार होत असे. सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचे पोट फुगे, यकृत कठीण होई, कावीळ दिसू लागे, आणि बहुतेक मुले दगावत. डॉक्टर त्याला ‘इंडियन चाइल्डहुड सिरोसिस’ म्हणत. एकाच घरात लागोपाठ दोन-तीन मुले जात, तेव्हा शेजारीपाजारी त्या कुटुंबाच्या नशिबाला किंवा कोणाच्या तरी दृष्टीला बोल लावीत. आजारी मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण अतोनात वाढलेले असते, हे पुढे तपासणीतून कळून आले. पण हे तांबे येते कोठून?

त्याचा माग पुण्यात लागला. तेथील डॉक्टर शीला भावे व आनंद पंडित आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी टॅनर यांनी १९८३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले. आजारी मुलांना फार लवकर गाईचे किंवा म्हशीचे दूध सुरू केलेले होते, आणि ते दूध तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापविलेले वा साठविलेले होते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. दुधातील प्रथिने भांड्यातील तांबे ओढून घेतात, आणि तान्ह्या बाळाच्या यकृताला तो भार झेपत नाही. आनुवंशिकतेचाही त्यात काही भाग असावा असे कित्येक तज्ज्ञ मानतात. परंतु घरोघर स्टेनलेस स्टील आले, दुधाची पितळी पातेली मागे पडली, आणि हा विकार पाहता पाहता दुर्मीळ झाला. केवळ भांडे बदलल्याने मुले वाचावीत, असे उदाहरण वैद्यकाच्या इतिहासातही विरळाच.

म्हणून बालकाचे दूध, ताक, लिंबाचे सरबत वा चिंचेचे सार तांब्या-पितळेच्या उघड्या भांड्यात कधीही ठेवू नये. जुनी पातेली वापरावयाचीच असतील तर कल्हई अखंड असली पाहिजे, आणि कल्हईचे कथील शुद्ध असले पाहिजे. त्यात शिशाची भेसळ असेल तर आगीतून फुफाट्यात पडल्यासारखे व्हावयाचे. शिशाची कोणतीही मात्रा मुलांसाठी निर्धोक ठरलेली नाही. तमिळ घरांत रसम् करण्यासाठी कथलाचा एक लहान गडू वापरतात. ‘ईय चोंबु’ हे त्याचे नाव. त्यातील रसम् चवीला उत्तम होते अशी ख्याती आहे. तथापि धातू शुद्ध असल्याची खात्री पटेपर्यंत त्या गडूतील रसम् लहान मुलाच्या भातावर न घातलेले बरे.

मग घ्यावे तरी काय? रोजच्या वापरासाठी चांगल्या प्रतीचे, आतून गुळगुळीत स्टेनलेस स्टील सर्वांत सोयीचे. ते पडले तरी फुटत नाही, घासून व उकळून स्वच्छ होते. त्याचा एकच दोष, की ऊन पदार्थ घातला की काठही तापतो. म्हणून वाटी मुलापुढे ठेवण्यापूर्वी आपल्या मनगटाला लावून पाहावी. उष्टावणाला मामाने दिलेली चांदीची वाटी चांदी चांगली असेल तर खुशाल वापरावी. मात्र नक्षी बाहेरच्या बाजूस असावी, आत असू नये. प्लॅस्टिकच्या व मेलामाइनच्या ताटल्यांत ऊन किंवा आंबट पदार्थ वाढू नयेत, आणि त्यांवर चरे पडले की त्या टाकून द्याव्यात. बांबूची म्हणून विकली जाणारी कित्येक भांडी वस्तुतः बांबूचा भुसा आणि मेलामाइन यांची असतात. युरोपीय संघाने अशा भांड्यांविरुद्ध २०२१ साली मोहीमच उघडली होती. भडक रंगाची झिलई आतून दिलेली मातीची वाटीही टाळावी, कारण त्या रंगात शिसे असू शकते.

पेला

मूल सहा महिन्यांचे होऊन वरचे अन्न सुरू झाले की उघड्या पेल्याची ओळख करून द्यावी. पेला लहान असावा, मुलाच्या दोन मुठींत मावेल एवढा. त्यात आरंभी दोन-तीन घोटच पाणी घालावे. मुलाला ताठ बसवून पेल्याचा काठ त्याच्या खालच्या ओठाला टेकवावा आणि पाणी ओठापर्यंत आणून थांबावे. पाणी तोंडात ओतू नये; बाळ स्वतः ते ओढून घेते. पहिले काही दिवस अंगरखा भिजेल, तो भिजू द्यावा. वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास बाटलीची सवय पूर्णपणे सुटलेली असावी, कारण बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांचे दुधाचे दात लवकर किडतात.

तंजावरच्या घरात कॉफीसाठी ‘दवरा’ आणि ‘टंबलर’ अशी जोडी असते. दवरा म्हणजे पसरट, काठाची वाटी, आणि टंबलर म्हणजे उभा पेला. कॉफी मोठ्यांची, पण भांडे मुलाच्या उपयोगाचे आहे. पसरट बुडामुळे दवरा सहसा कलंडत नाही, त्याचा बाहेर वळलेला काठ ओठाला टोचत नाही, आणि दूध या भांड्यातून त्या भांड्यात ओतले की लवकर निवते. मात्र ओठ न लावता वरून धार धरून पाणी पिण्याची जी पद्धत दक्षिणेत आहे, आणि आपल्याकडेही आहे, ती लहान मुलांना शिकविण्याची घाई करू नये. वरून पडलेली धार श्वासनलिकेत जाऊन ठसका लागण्याचा संभव असतो.

ताट

बाळाचे ताट स्वतंत्र असावे. आईच्या किंवा भावंडांच्या ताटातून चार घास भरविले तर मूल किती जेवले हे कोणालाच समजत नाही. मोठी मुले भराभर जेवतात आणि धाकटे अर्धपोटी उठते. बाजूला २५० मिलिलिटरची एक वाटी मापासाठी ठेवावी. सहाव्या महिन्यात दोन-तीन मोठे चमचे अन्नापासून आरंभ करून आठव्या महिन्यापर्यंत दर वेळी अर्ध्या वाटीपर्यंत जावे. नऊ ते अकरा महिन्यांच्या बालकाला अर्धी वाटी, आणि एक ते दोन वर्षांच्या मुलाला पाऊण ते एक वाटी अन्न लागते. हे माप दिशा दाखविण्यासाठी आहे, बळजबरी करण्यासाठी नव्हे. मुलाने तोंड फिरविले की ताट उचलावे.

ताटाला दोन बोटे उंचीचा उभा काठ असावा. मूल अन्न बोटांनी पुढे ढकलते. काठ असला की घास त्यावर अडतो आणि हातात येतो. सपाट ताटलीत तोच घास जमिनीवर जातो, मग मूल चिडते आणि आईही. तळाशी रबराची चकती असलेल्या, जमिनीला चिकटून राहणाऱ्या ताटल्या आता मिळतात. त्या वाईट नाहीत, फक्त चकती काढून तिच्याखालील भाग रोज धुवावा.

आणि केळीचे पान? तंजावरच्या मेजवानीत पानाचा निमुळता शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येईल असे पान मांडतात. पान स्वच्छ धुतले की त्याहून निर्मळ ताट दुसरे नाही. परंतु पानाला काठ नसतो, आणि दीड वर्षाच्या मुलाला भातापेक्षा पान फाडण्यातच अधिक रस असतो. यावर सोपा उपाय आहे. पानाचा तुकडा ताटाच्या मापाने कापून काठाच्या ताटात बसवावा. मुलाला पंगतीला बसल्याचा आनंद मिळतो आणि भात ताटात राहतो.

चटई

कावेरीच्या काठी ‘कोरै’ नावाचे, लव्हाळ्याच्या जातीचे गवत उगवते. त्याच्या चटया तमिळ घरांत सर्वत्र दिसतात. तिरुनेलवेलीकडील पत्तमडै येथील चटई तर रेशमासारखी मऊ असते. ती लग्नकार्यासाठी राखून ठेवावी. मुलाच्या जेवणासाठी साधी, घट्ट विणीची चटई पुरे. ती उन्हाळ्यात थंड लागते आणि तिच्यावरून पाय घसरत नाही. पण विणीच्या फटींत भाताची शिते अडकतात, आंबतात आणि मुंग्यांना आमंत्रण देतात. म्हणून चटईवर मेणकापडाचा किंवा धुण्यासारख्या जाड कापडाचा तुकडा अंथरावा, जेवण होताच तो धुवावा, आणि चटई झटकून उन्हात टाकावी. ओली चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी करू नये. तिला बुरशी येते. मुलाला टेकून न बसविता ताठ बसवावे आणि गरज असेल तर ताट लहान पाटावर ठेवावे, म्हणजे त्याला वाकावे लागत नाही. जेवणापूर्वी मुलाचे आणि भरविणाऱ्याचे हात साबणाने धुतले पाहिजेत, हे वेगळे सांगावयास नकोच.

सांडण्याची मुभा

इतके सारे जमविल्यावर एक गोष्ट उरते, आणि ती बाजारात मिळत नाही. मुलाला सांडू द्यावे. तमिळ आई अंगणात चंद्र दाखवीत घास भरविते, मराठी आई चिऊचा, काऊचा घास करते. हे प्रेमाचे भरविणे हवेच. पण त्याच ताटातील दोन घास मुलाने आपल्या हाताने घ्यावेत, यासाठीही वेळ राखून ठेवावा. तमिळनाडूत १९८२ साली पौष्टिक आहार योजना सुरू झाली, तेव्हा दोन वर्षांपासूनच्या बालकांना तिच्यात सामावून घेतले गेले. आज देशभर अंगणवाड्यांतून लहानगी मुले पंगतीत बसून जेवतात. तेथे प्रत्येकाला भरविण्यास आई नसते. घरच्या चटईवर ज्याने आपले ताट ओळखले, आपला पेला उचलला आणि पुष्कळसे सांडूनही कोणाचे रागावणे ऐकले नाही, ते मूल त्या पंगतीत निर्भयपणे बसते.

तेव्हा पुढच्या बाजाराच्या दिवशी तंजावरी ताट अवश्य घ्या आणि भिंतीवर लावा. बाळासाठी मात्र त्याच्या हाताला पेलेल, आपल्या बोटाने पूर्ण घासता येईल आणि ज्याच्या धातूविषयी मनात शंका उरणार नाही, असेच ताट निवडा.