तक्रार न करणारा बॅकअप

‘आमच्या पतसंस्थेचा बॅकअप रोज रात्री आपोआप होतो. दोन वर्षांत एकदाही तक्रार आलेली नाही. मग निर्धास्त राहायला हरकत नाही ना?’ असं एका वाचकाने विचारलंय. मला धास्ती वाटली ती त्यातल्या दुसऱ्या वाक्याची.

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत मुख्य डेटाबेसची जोडप्रत मागे पडली होती. ती नव्याने भरून घ्यायची कमांड दिली, तर स्क्रीनवर काहीच उमटेना. कमांड मुख्य सर्व्हरची वाट बघत होती, पण तसं सांगत नव्हती. इंजिनिअरला वाटलं, आधीचं फोल्डर आड येतंय. त्याने ते पुसलं आणि एक-दोन सेकंदांत त्याच्या ध्यानात आलं, की आपण मुख्य सर्व्हरवरच आहोत. तोवर ३०० जीबीतले जेमतेम साडेचार उरले होते.

बॅकअप बघायला गेले, तर जागा रिकामी! याचा माग कसा लागला, ते वाचताना मी अक्षरशः खिळून गेलो होतो. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ वर, बॅकअपचा प्रोग्रॅम मात्र ९.२ चा. जुना प्रोग्रॅम नव्या आवृत्तीला हात लावत नाही. चुकीची प्रत काढण्यापेक्षा थांबतो, आणि ते योग्यच आहे. पण ९.२ आलं कुठून? कोणती आवृत्ती वापरायची, हे डेटाच्या फोल्डरमधल्या एका चिमुकल्या फाइलवरून ठरायचं. बॅकअप चालायचा दुसऱ्याच मशीनवर. तिथे ती फाइल नव्हती, म्हणून जुनीच आवृत्ती उचलली जायची. काम फसल्याची ईमेलही निघायची. पण पाठवणाऱ्याची ओळख पडताळणाऱ्या डीमार्क तपासणीत अडकून ती दारातूनच परत जायची.

तारलं ते सहा तासांपूर्वी चाचणीसाठी हाताने घेतलेल्या एका प्रतीने. ती घेणारा इंजिनिअर तोच, ज्याच्या हातून डेटा पुसला गेला! तरी मधल्या तासांतली सुमारे ७०० नवी खाती गेली ती गेलीच. कंपनीने हे सगळं जसंच्या तसं जाहीर केलं, याबद्दल मला तिचा फार आदर वाटतो.

रात्री गुरख्याच्या काठीचा आवाज येतोय तोवर आपण झोपतो. तो थांबला, की जाग येते. बॅकअपचंही तसंच हवं. रोज ‘झालं’ असा निरोप यावा आणि ठरल्या वेळी तो आला नाही, तर कुणाचा तरी फोन वाजावा. वाचकमित्रा, या शनिवारी कालची बॅकअप फाइल एखाद्या रिकाम्या कॉम्प्युटरवर उतरवा, डेटाबेस उभा करा आणि कुठल्याही एका सभासदाची काल भरलेली रक्कम त्यात दिसते का, ते बघा.