साधं की पावर?

पंपावर रोज कानावर पडणारा तीन शब्दांचा प्रश्न आणि त्यामागचं लिटरला सात-आठ रुपयांचं कोडं. महागाच्या पेट्रोलनं गाडी पळते, की फक्त आपलं मन?

काही प्रश्नांना आपण विचार न करता उत्तर देऊन टाकतो. ‘पिशवी हवी का?’, ‘तिखट की मीडियम?’ आणि पेट्रोल पंपावरचं ‘साधं की पावर?’ मागे हॉर्नचा कल्लोळ, पुढे झिरो दाखवणारा पंपवाला दादा, ऑफिसला उशीर. आपण तोंडाला येईल ते बोलतो. नवी कोरी गाडी असली की हमखास ‘पावर’ आणि महिनाअखेर असली की गुपचूप ‘साधं’!

‘पावर’ हे खरं तर हिंदुस्थान पेट्रोलियमच्या ब्रँडचं नाव. २००२-०३च्या सुमारास भारत पेट्रोलियमचं ‘स्पीड’, हिंदुस्थानचं ‘पावर’ आणि इंडियन ऑइलचं ‘एक्स्ट्रा प्रीमियम’ आलं, आणि तोवर नुसतं ‘पेट्रोल’ असलेल्या वस्तूत एकदम क्लास आला. नावंच अशी की ‘साधं’ म्हणताना आपण गाडीला उपाशी ठेवतोय असं वाटावं. पण गाडीला यातलं नेमकं काय मिळतं? मित्रमंडळींना विचारलं. एक म्हणाला, ‘पिकअप जाम वाढतो.’ दुसरी म्हणाली, ‘इंजिन स्मूथ वाटतं.’ तिसरा म्हणाला, ‘बाबा टाकायचे, म्हणून मीही टाकतो.’ मायलेजचा हिशोब मात्र एकानेही लिहून ठेवलेला नव्हता.

मी माध्यमांचं शिक्षण घेतलेली मुलगी, इंजिनीअर नाही. पण फंडा समजून घेतला तेव्हा लक्षात आलं, की हा विषय वाटतो तितका अवघड नाहीच.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे

इंजिनच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण जातं. पिस्टन ते दाबतो, स्पार्क प्लग ठिणगी टाकतो, मिश्रण पेटतं आणि पिस्टनला खाली ढकलतं. इथे टायमिंग महत्त्वाचं. दाबामुळे मिश्रण तापतं, आणि ठिणगीची ज्योत पोचायच्या आत त्यातला एखादा भाग आपोआप पेटला, तर सिलिंडरमध्ये सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा धक्का बसतो. खंबाटकी घाटात टॉप गिअरमध्ये गाडी रेटली की इंजिनातून येणारा ‘खट् खट् खट्’ आवाज आठवतोय? तेच नॉकिंग. हे सतत होत राहिलं तर इंजिनची वाट लागते.

पेट्रोल या अवेळी पेटण्याला किती दाद देत नाही, त्याचं माप म्हणजे ऑक्टेन नंबर. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहॅम एडगर यांनी १९२६मध्ये ही पट्टी सुचवली. आयसो-ऑक्टेन हे सहजासहजी नॉक न होणारं द्रव्य, त्याला १०० गुण. चटकन नॉक होणाऱ्या हेप्टेनला शून्य. ९१ ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे ९१ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकं नॉकिंग सहन करणारं पेट्रोल. बस्स! हा संयमाचा आकडा आहे, शक्तीचा नाही. ऑक्टेन वाढला म्हणून लिटरमधली ऊर्जा वाढत नाही.

(एक जाता जाता. न्यू जर्सीतला तुमचा चुलतभाऊ ‘आमच्याकडे साधं ८७ असतं’ म्हणाला, तर कॉलर ताठ करू नका. अमेरिकेत मोजण्याची पद्धत वेगळी आहे. त्यांचं ८७ म्हणजे आपल्याकडच्या मोजणीत जवळपास ९१च.)

मग शंभरचं एवढं ग्लॅमर का?

कारण त्याला इतिहास आहे. १९४०मध्ये ‘बॅटल ऑफ ब्रिटन’च्या वेळी ब्रिटिश हवाई दलाच्या स्पिटफायर विमानांना १०० ऑक्टेनचं इंधन मिळालं आणि त्यांची कामगिरी सुधारली. पण ती कशी? या इंधनामुळे इंजिनात सुपरचार्जरने जास्त दाबाने हवा कोंबता आली, नॉकिंग न होता. ताकद त्या वाढलेल्या दाबातून आली. इंधनाने फक्त ‘दाबा बिनधास्त’ अशी परवानगी दिली.

तुमच्या-आमच्या गाडीलाही हाच नियम. इंजिन मिश्रण किती पट दाबतं, त्याला कॉम्प्रेशन रेशो म्हणतात. रॉयल एनफिल्डच्या आधीच्या ३५० सीसी युनिट इंजिनात तो ८.५ होता, आताच्या क्लासिक ३५०मध्ये ९.५ आहे. शंभर सीसीच्या कम्युटर बाइक्स दहाच्या आसपास. केटीएम ३९० ड्यूक मात्र साडेबाराच्या घरात. ज्या इंजिनात साध्या पेट्रोलवर नॉकिंग होतच नाही, त्याला जास्त ऑक्टेन देणं म्हणजे ज्याला कधी सर्दीच होत नाही त्याला रोज विक्स चोळणं. अपाय नाही, पण उपयोगही नाही.

इथे एक ‘पण’ आहे. आजच्या बऱ्याच गाड्यांत नॉक सेन्सर असतो. नॉकिंगची चाहूल लागली की गाडीचा कॉम्प्युटर ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, आणि थोडी ताकद घटते. अशा गाडीला जास्त ऑक्टेन मिळालं तर टायमिंग पुन्हा पुढे सरकतं आणि फरक जाणवू शकतो. टर्बो गाड्यांना हे विशेष लागू. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या स्प्लेंडरला किंवा ॲक्टिव्हाला मात्र टाकीत काय ओतलंय हे कळायला मार्गच नसतो.

अमेरिकेतल्या ‘एएए’ या वाहनचालकांच्या संघटनेने हे तपासून पाहिलं. २०१६मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या गाड्यांवर चाचणी झाली, आणि प्रीमियमचा ना ताकदीत ठोस फायदा दिसला, ना मायलेजमध्ये. २०१७मध्ये त्यांनी कंपनीनेच प्रीमियमची शिफारस केलेल्या गाड्या घेतल्या. तिथे मायलेज सरासरी २.७ टक्के आणि ताकद १.४ टक्के वाढली. म्हणजे फायदा खरा, पण तोही चिमूटभर. तिथल्या किमतीतला फरक मात्र तेव्हा वीस टक्क्यांहून जास्त होता.

कॅल्क्युलेटर काढा!

आता आपल्या खिशाकडे येऊ. २०२५मध्ये पुण्या-मुंबईत साधं पेट्रोल साधारण १०४ रुपये लिटर होतं, आणि प्रीमियम त्याहून सात-आठ रुपयांनी महाग. आपण साडेसात धरू. म्हणजे सात टक्क्यांहून थोडं जास्त. हे पैसे नुसते वसूल व्हायला मायलेजही तेवढंच वाढायला हवं. ४५चा ॲव्हरेज देणाऱ्या स्कूटरने ४८च्या वर द्यायला हवा. तुमची देते?

महिन्याला वीस लिटर पिणाऱ्या स्कूटरला हा शौक दीडशे रुपयांना पडतो. साठ लिटर लागणाऱ्या कारला साडेचारशेला, म्हणजे वर्षाला ५,४०० रुपये. यात सगळंच पेट्रोलच्या गुणवत्तेचं मोल नाही बरं का. २०२१च्या केंद्रीय बजेटमध्ये मूळ उत्पादन शुल्क साध्या पेट्रोलवर लिटरला १.४० रुपये, तर ब्रँडेडवर २.६० रुपये ठेवलं गेलं. म्हणजे १.२० रुपये निव्वळ ब्रँडेड असण्याचा कर, आणि त्यावर पुन्हा राज्याचा व्हॅट.

आणि शंभरी गाठलेलं पेट्रोल? इंडियन ऑइलने १ डिसेंबर २०२०ला ‘एक्सपी १००’ आणलं, तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई आणि पुणेही होतं. दिल्लीत त्याचा भाव होता १६० रुपये, साधं होतं ८२च्या आसपास. हे पैसे मायलेजमधून वसूल करायचे तर ॲव्हरेज जवळपास दुप्पट हवा. हे पेट्रोल सुपरबाइक आणि महागड्या स्पोर्ट्‌स कारवाल्यांसाठी आहे. त्यांना ते लखलाभ.

पण हा प्रश्न फक्त हौशी लोकांचा नाही. मध्यंतरी एका पंपावर माझ्या पुढे फूड डिलिव्हरीवाला एक मुलगा होता. ‘दोनशेचं टाका’ म्हणाला आणि मोबाइलवर पुढची ऑर्डर बघायला लागला. पंपवाल्याने न विचारता प्रीमियमचा नोझल लावला. त्या मुलाच्या लक्षात आलं तेव्हा मीटर १४०वर होता. ‘दादा, साधं सांगायचं ना!’ एवढंच म्हणाला आणि निघाला, कारण भांडायला वेळ कुठे होता? दोनशे रुपयांत साधं पेट्रोल १.९२ लिटर येतं, प्रीमियम १.७९ लिटर. ५० चा ॲव्हरेज धरला तर साडेसहा किलोमीटर गेले. आपल्याला ते चिल्लर वाटतील. दिवसभर किलोमीटरवरच पोट असलेल्याला ती एक अख्खी डिलिव्हरी आहे.

इथेनॉलने गंमत केली

आता खरी मजा. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, याचा पुरावा हवा असेल तर लॅबमध्ये जायला नको. तो गेली काही वर्षं आपल्या टाकीतच आहे.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट देशाने २०२५मध्ये गाठलं. पेट्रोलियम मंत्रालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिलेल्या माहितीनुसार साध्या पेट्रोलचा ऑक्टेन पूर्वी ८८ होता, नंतर ९१ झाला आणि इथेनॉल मिश्रणामुळे आता ९५वर गेलाय. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन शंभरच्याही वर आहे ना, त्याचा हा परिणाम.

म्हणजे ज्या ९५साठी आपण कालपर्यंत जादा पैसे मोजत होतो, ते आता ‘साध्या’तच मिळतं! मग मायलेज वाढलं का? उलट तक्रारी वाढल्या. कारण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांशाने कमी असते. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच अंदाज दिला होता, की जुन्या धर्तीच्या म्हणजे १० टक्के मिश्रणापर्यंत जुळवलेल्या कारचं मायलेज ६ ते ७ टक्के आणि दुचाकींचं ३ ते ४ टक्के घटेल. २० टक्क्यांसाठीच जुळवलेल्या गाड्यांत १ ते २ टक्के. ऑक्टेन वर गेला, ॲव्हरेज खाली आला. याहून सोपा धडा कुठला?

म्हणून ‘मायलेज पडलंय, आता ९५वालं टाकून बघतो’ हा उपाय फुकट जाण्याचीच शक्यता जास्त. आकडा तोच आहे. फरक उरला तो साबणाचा.

साबणाचं काय?

हो, साबणच. ब्रँडेड पेट्रोलमध्ये जास्तीचे डिटर्जंट ॲडिटिव्हज घालतात. इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवर साठणारा काळा थर ते कमी करतात. हा दावा पोकळ नाही. एएएने २०१६मध्येच केलेल्या दुसऱ्या चाचणीत अमेरिकेतल्या ‘टॉप टिअर’ या डिटर्जंट मानकात न बसणाऱ्या पेट्रोलने इंजिनात सरासरी १९ पट जास्त थर साठवला. पण लक्षात घ्या, ही कमाल ऑक्टेनची नाही, ॲडिटिव्हची आहे. आणि जास्तीच्या साबणाचा परिणाम त्या दिवशीच्या पिकअपमध्ये दिसत नाही, हजारो किलोमीटरनंतर दिसतो. तेही गाडी वेळेवर सर्व्हिसिंगला जात असेल तर फरक आणखी कमी. डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत तर पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून जातच नाही, त्यामुळे तिथला थर ते धुऊ शकत नाही.

मग ‘स्मूथ वाटतं’ म्हणणारी मैत्रीण खोटं बोलते का? अजिबात नाही. नॉक सेन्सर असलेली टर्बो गाडी असेल तर तिला खरंच वाटत असेल. आणि ॲक्टिव्हा असेल तर... साडेसात रुपयांत मनाला एवढी शांती मिळत असेल, तर तीही स्वस्तच म्हणायची. फक्त तो खर्च गाडीच्या नावावर टाकू नये, इतकंच.

पंपावर जाण्याआधी

• टाकीच्या झाकणामागचं स्टिकर किंवा ओनर्स मॅन्युअल वाचा. तिथला ऑक्टेनचा आकडा हाच फायनल. ९१ किंवा ९५ लिहिलं असेल तर २० टक्के इथेनॉलचं साधं पेट्रोल ऑक्टेनच्या बाबतीत पुरेसं आहे.

• त्याहून मोठा आकडा लिहिला असेल तर काटकसर करू नका. तिथे प्रीमियम ही चैन नाही, गरज आहे.

• घाटात, ओझ्यावर नॉकिंग ऐकू येत असेल तर आधी खालचा गिअर टाका. तरी थांबलं नाही तर मेकॅनिककडे जा. प्रीमियमने आवाज दबेल, पण कारण कार्बन किंवा बिघडलेलं टायमिंग असेल तर ते तसंच राहील.

• प्रयोग करायचाच असेल तर टाकी फुल करून, त्याच रस्त्यावर, किमान तीन-तीन टाक्या चालवा आणि आकडे लिहून ठेवा. ‘वाटतं’ हा शब्द चालणार नाही.

• मायलेज हवंय? टायरमधली हवा दर पंधरा दिवसांनी तपासा, एअर फिल्टर साफ ठेवा, लांब सिग्नलला इंजिन बंद करा. यासाठी लिटरला एक पैसाही जादा पडत नाही.

• नोझल लावण्याआधी पंपवाल्याला स्वतःहून सांगा, ‘दादा, साधं.’ आणि हो, मीटरवरचा झिरोही बघा.