वर्सोव्याच्या बंगल्यातून सोसायटीच्या हॉलपर्यंत : संसारी माणसाचा योग कसा घडला?

सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंडमध्ये फेरफटका मारला, तर सोसायटीचा हॉल, गच्ची, शाळेचे सभागृह अशा कुठल्या ना कुठल्या जागी योगाचा वर्ग भरलेला दिसतो. तासाभराने वर्ग सुटतो. कुणी डबा करायला घरी जाते, कुणी थेट लोकल पकडते. हे इतके ओळखीचे झाले आहे, की ते पूर्वापार चालत आले असावे असे वाटते. पण घरसंसार न सोडता, ठरलेल्या वेळी वर्गात जाऊन योग शिकण्याची ही पद्धत साधारण शंभर वर्षांचीच आहे. तिची एक महत्त्वाची सुरुवात अंधेरीजवळच्या वर्सोव्यात झाली.

ही हकिगत माहीत असण्याचा व्यावहारिक फायदाही आहे. योग कुणासाठी आणि का सोपा केला गेला हे कळले, की आपल्या वर्गाकडून काय अपेक्षा ठेवायची हेही कळते.

पूर्वी योग कुठे शिकत?

हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत साधकाने एकांतात, छोट्या कुटीत राहून अभ्यास करावा असे सांगितले आहे. विद्या गुरूकडून शिष्याला मिळे आणि ती मिळवायची तर बहुतेकदा घर सोडावे लागे. नोकरी, मुलेबाळे, म्हातारे आईवडील यांच्यात अडकलेल्या माणसासाठी हा मार्ग नव्हताच. योगी म्हणजे गूढ शक्ती असलेला बैरागी, अशीच सर्वसाधारण समजूत होती.

वर्सोव्यात काय घडले?

सुरतेजवळचे मणिभाई देसाई हे तरुण मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात शिकत होते. 1916 साली त्यांची परमहंस माधवदास या योग्यांशी भेट झाली. कॉलेज सोडून ते नर्मदाकाठच्या मालसर येथील आश्रमात गेले. तिथे आजारी माणसांवर योगाचे उपचार होत, आणि हे ज्ञान आश्रमाबाहेर गेले पाहिजे असे त्यांना वाटू लागले.

पुढे योगेंद्रजी म्हणून ओळखल्या गेलेल्या या तरुणाने 25 डिसेंबर 1918 रोजी वर्सोव्याच्या समुद्रकिनाऱ्यावर 'द योगा इन्स्टिट्यूट' सुरू केली. जागा होती दादाभाई नौरोजींच्या बंगल्यात. दादाभाई आदल्याच वर्षी वारले होते. योगेंद्रजींचे वय तेव्हा अवघे 21 होते. पुढे ते अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्कजवळ त्यांनी काही काळ काम केले. परतल्यावर 1927 साली त्यांनी सीतादेवींशी लग्न केले. योग शिकवणाऱ्याने स्वतःच संसार मांडला, हा त्या काळी मोठा बदल होता. 1934 साली सीतादेवींचे स्त्रियांसाठीच्या योगासनांचे पुस्तकही आले. आज उपनगरातल्या वर्गांत स्त्रिया मोठ्या संख्येने दिसतात, त्यामागे असे आरंभीचे प्रयत्न आहेत. ही संस्था पुढे सांताक्रूझ पूर्वेला प्रभात कॉलनीत आली आणि आजही तिथेच आहे.

यात महाराष्ट्राचा वाटा काय?

माधवदासांचेच दुसरे शिष्य म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, अर्थात स्वामी कुवलयानंद. योगाचा शरीरावर होणारा परिणाम उपकरणांनी मोजून पाहायचा, हा त्यांचा ध्यास होता. 1924 साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि 'योग मीमांसा' हे संशोधनपर नियतकालिक सुरू केले. कैवल्यधामची मुंबई शाखाही 1932 साली सांताक्रूझलाच सुरू झाली आणि 1936 मध्ये मरीन ड्राइव्हला गेली.

त्याच सुमारास औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचा व्यायाम म्हणून प्रसार करत होते. पुढच्या काळात ठाण्याच्या घंटाळी मित्र मंडळ आणि अंबिका योग कुटीर यांसारख्या संस्थांनी मराठीतून योग शिकवून तो मध्यमवर्गीय वस्त्यांपर्यंत नेला. आजच्या वर्गात आधी सूर्यनमस्कार, मग आसने, प्राणायाम आणि शेवटी शवासन असा जो क्रम अनेकदा दिसतो, त्यात हे वेगवेगळे प्रवाह एकत्र आले आहेत.

सोपे म्हणजे कमी प्रतीचे का?

नाही. पतंजलीच्या योगसूत्रांची संख्या 195 किंवा 196 धरली जाते. त्यांतली थेट आसनाविषयीची सूत्रे जेमतेम तीन आहेत. त्यांचा रोख स्थिर आणि सुखाने बसता येण्यावर आहे, शरीर किती वाकते यावर नाही. त्यामुळे शेजारच्या सतरंजीवरच्या माणसाचे कपाळ गुडघ्याला टेकते आणि आपले टेकत नाही, याचे वाईट वाटून घ्यायचे कारण नाही. श्वास अडखळू लागला किंवा चेहरा आवळला गेला, की आपली मर्यादा आली असे समजावे.

शरीरात नेमके काय होते?

तीन गोष्टी होतात. पहिली, सांधे त्यांच्या पूर्ण कक्षेत हलतात. दिवसभर खुर्चीत बसून मांडीचा पुढचा भाग आखडतो, पाठीला बाक येतो. लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उभे राहिल्याने खांदा आणि मान ताठरते. सावकाश ताण दिल्याने हा आखडलेपणा कमी होतो.

दुसरी, स्थिर आसनात स्नायूंना शरीराचे वजन पेलावे लागते. त्यातून ताकद आणि तोल सुधारतो. उतारवयात पडण्याचा धोका कमी करण्यासाठी तोल फार महत्त्वाचा असतो.

तिसरी गोष्ट श्वासाची. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, कारण व्हेगस नावाची मज्जातंतू हृदयाला लगाम घालते. श्वास सावकाश, लांब सोडला की हा परिणाम वाढतो आणि शरीराला धोका टळल्याचा इशारा मिळतो. त्यामुळे मन शांत वाटते.

पाठदुखी बरी होते का?

कॉक्रेन ही वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. जुनाट कंबरदुखीवरच्या 21 चाचण्यांचा तिने 2022 साली आढावा घेतला. काहीच व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत योग करणाऱ्यांच्या हालचालीत आणि वेदनेत थोडी सुधारणा दिसली, पण फार मोठी नाही. पाठीच्या इतर व्यायामांच्या तुलनेत विशेष फरक आढळला नाही. काही जणांची पाठदुखी योगाने वाढलीही.

याचा अर्थ योग निरुपयोगी असा नाही. तो चमत्कार नाही, इतकाच. जो व्यायाम तुम्ही वर्षभर टिकवाल, तोच तुमच्यासाठी चांगला.

मग चालायला जायची गरज नाही का?

आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. सावकाश केलेल्या आसनांत हृदयाला तेवढे श्रम बहुधा पडत नाहीत. म्हणून घरापासून स्टेशनपर्यंत रिक्षाऐवजी झपझप चालत जाणे ही योगाची चांगली जोड आहे.

वीस मिनिटांत काय करावे?

बोरिवलीहून चर्चगेटला रोज ये-जा करणाऱ्याला तासाभराचा वर्ग जमेलच असे नाही. वन रूम किचनमध्येही सतरंजीपुरती जागा निघते. ताडासनाने सुरुवात करावी. मग मार्जारासनात पाठ वर-खाली करावी. त्यानंतर भुजंगासन, बसून वक्रासन, आणि शेवटी पाच मिनिटे शवासनात सावकाश श्वास. आठवड्यातून एकदा दोन तास घाम गाळण्यापेक्षा हे रोज करणे बरे. पहिले काही दिवस मात्र जाणत्या शिक्षकासमोरच करावे.

कोणी काळजी घ्यावी?

रक्तदाब आटोक्यात नसेल तर शीर्षासन, सर्वांगासन, श्वास रोखून धरणे आणि वेगाने केलेली कपालभाती टाळावी. काचबिंदू असणाऱ्यांनी डोके खाली जाणारी आसने करू नयेत, कारण त्यांत डोळ्यातला दाब वाढतो. हाडे ठिसूळ झाली असतील किंवा मणक्याची चकती सरकली असेल, तर पुढे खोल वाकणे आणि पाठीला जोराचा पीळ देणे धोक्याचे. गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारावे आणि शिक्षकांना आधी सांगावे. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या योग सुरू केला म्हणून स्वतःच बंद करू नयेत.

वर्ग निवडताना काय पाहावे?

चांगला शिक्षक पहिल्याच दिवशी आजार, शस्त्रक्रिया, दुखणे यांची चौकशी करतो. एखादे आसन जमत नसेल तर सोपा पर्याय देतो आणि पाठीवर दाब देऊन ते जबरदस्तीने करवून घेत नाही. 'औषधे सोडा' असे कुणी सांगत असेल, तर तो वर्ग सोडावा. घर, नोकरी आणि दुखणी सांभाळणाऱ्या माणसाला झेपेल असा योग शिकवायचा, हाच शंभर वर्षांपूर्वीचा हेतू होता. आपला वर्ग या कसोटीला उतरतो का, एवढे पाहिले तरी पुरे.