वारुळाची माती

गेल्या पावसाळ्यांत शाळेच्या कपाटांतून जुन्या वार्षिक अंकांचा गठ्ठा काढिला, तों वरचें वेष्टण तेवढें शाबूत; आंत सगळा भुगा आणि ओलसर माती. मुलांनीं वाळवीस मनसोक्त शिव्याशाप दिले. इतक्यांत एका विद्यार्थ्यानें विचारिलें, "सर, आमच्या आजोबांच्या शेताच्या बांधावर वारूळ आहे. बाबा म्हणतात, औषध ओतून मोडून टाका. आजोबा हात लावूं देत नाहींत. खरें कोणाचें?" ह्या मुलाचें मूळ गांव सातारा जिल्ह्यांतील माण तालुक्यांत, वडील नोकरीनिमित्त हल्लीं करंजाड्यास राहतात. वर्गांत दिलेलें उत्तर अपुरें राहिलें, तें येथें पुरें करितों.

करंजाड्यास पावसाची वाण नाहीं. जमीन खालींवर करावयास येथें गांडूळ समर्थ आहे. घाटापलीकडे, माण-जतसारख्या पर्जन्यछायेच्या मुलखांत, माती वर्षांतील बहुतेक महिने कोरडी असते. तेथें गांडुळाचें फारसें चालत नाहीं, आणि त्याचें काम वाळवीकडे येतें.

वाळवीचें अंग मऊ. उन्हांत तें तेव्हांच सुकतें. म्हणून ती मातीच्या छपराखालून चालते आणि ओलाव्यासाठीं खोल उतरते. खालची चिकणमाती कणाकणानें तोंडांत धरून, लाळेंत कालवून ती वर आणिते व भिंत रचिते. मोठा खडा तिच्यानें उचलवत नाहीं. तो खालींच राहतो. अशा रीतीनें माती आपोआप चाळली जाते! त्यामुळें वारुळांत भोंवतालच्या वरच्या मातीहून चिकणमाती अधिक, आणि बहुधा चुनाही अधिक सांपडतो. कांहीं जातींच्या वाळवीनें हाताळिलेल्या चिकणमातीचे अतिसूक्ष्म पापुद्रे अधिक फुगणारे होतात, असेंही शास्त्रज्ञांस आढळलें आहे; म्हणजे ही केवळ हमाली नव्हे, खनिजांतही पालट होतो. पावसानें वारूळ झिजलें कीं हा सारा ठेवा शेतांत पसरतो.

आणि लाळेचा हा गारा किती पक्का! ओडोंटोटर्मिस ओबेसस ही आपल्याकडील उंच वारुळें बांधणारी वाळवी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं २०१६ सालीं दाखविलें कीं, तिनें रचिलेली माती साध्या मातीच्या सुमारें दहापट बळकट असते. आमच्या आजीला हें पुस्तकावांचून ठाऊक होतें. चूल घालावयास ती वारुळाचीच माती आणवी.

वराहमिहिरानें सहाव्या शतकांतील आपल्या बृहत्संहितेंत वारुळावरून भूमिगत पाणी ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत. जांभळीच्या पूर्वेस जवळच वारूळ असल्यास दक्षिणेस गोड पाणी लागतें, ही त्यांपैकीं एक. वाळवीस ओल हवी, एवढें त्यांतील निरीक्षण खरें; विहीर मात्र मी तेवढ्यावर खणणार नाहीं.

आफ्रिकेंतील बुर्किना फासो देशांत याकुबा सावाडोगो नांवाच्या शेतकऱ्यानें तर वाळवीस मुद्दाम आमंत्रण दिलें. १९८० च्या सुमारास दुष्काळानें तेथील जमीन खापरासारखी कठीण झाली होती. पावसाळ्यापूर्वीं खळगे खणून त्यांत त्यानें शेणखत घातलें. खतामागून वाळवी आली, तिनें जमीन पोखरली, आणि पावसाचें पाणी वाहून न जातां त्या बिळांतून मुरलें. पिकें उभीं राहिलीं. पुढें त्याच ओसाड जमिनीवर त्यानें रान वाढविलें. २०२३ सालीं तो वारला.

तेव्हां बाबांचें म्हणणें घराच्या उंबऱ्यापर्यंत खरें. शेतांतही वाळवी उसाचीं बेणीं व भुईमूग खाते, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु बांधावरचें वारूळ मोडलें तर कोरड्या रानाचा बिनपगारी नांगरगडी जातो. मीं आजोबांच्या बाजूनें मत दिलें.

दिवाळीच्या सुटींत त्या मुलानें दोन पुड्या आणिल्या. एक शेतांतील मातीची, एक वारुळाच्या मातीची. दोन्ही आम्हीं पाण्यांत ढवळून निरनिराळ्या बाटल्यांत ठेविल्या. शेतांतील मुरमाड मातीचें पाणी शाळा सुटेपर्यंत बरेंच निवळलें. वारुळाचें दुसऱ्या दिवशीं प्रार्थनेची घंटा झाली तरी गढूळच होतें.