स्टेरॉइड वर्गातील जंतुघ्न द्रव्यांचा शोध आणि आपला कुटज

गतवर्षीच्या गळीत हंगामात इंदापूर तालुक्यातील एका ऊसतोड टोळीतील तरुण आमच्या चिकित्सालयात आला. तक्रार आवेची होती : पोटात मुरडा आणि दिवसातून आठ-दहा वेळा चिकट शौच. तपासताना कमरेभोवती व जांघेत पसरलेला नायटा दिसला. दुकानातून आणलेले एक मलम तो चार महिने लावीत होता. लावले की खाज थांबे, सोडले की दुप्पट वाढे. त्वचा पातळ होऊन तिच्यावर ताणाचे पट्टे उमटले होते. आम्ही आवेसाठी कुटजघनवटी लिहून दिली. चिठ्ठी हातात घेऊन त्याने विचारले, "डॉक्टर, ह्यात स्टेरॉइड तर नाही ना?"

"नाही" हा शब्द ओठांवर आला आणि आम्ही थबकलो. कुड्याच्या सालीतील प्रमुख अल्कलॉइड कोनेसीन हे रसायनशास्त्राच्या व्याख्येनुसार स्टेरॉइड वर्गातीलच आहे. मग या रुग्णास प्रामाणिक उत्तर काय द्यावे? बारामती-इंदापूर परिसरातील आमच्या वैद्य बंधुभगिनींना व औषधविक्रेत्यांना हा प्रश्न रोज पडतो, म्हणून प्रस्तुत लेखाचा प्रपंच.

सांगाडा एक, कार्ये अनेक

स्टेरॉइड हे एका औषधाचे नाव नव्हे. कार्बनच्या १७ अणूंनी बनलेल्या चार वलयांच्या सांगाड्याचे ते नाव आहे. त्यांतील तीन वलये षट्कोनी व एक पंचकोनी असते. कोलेस्टेरॉल, स्त्री-पुरुष संप्रेरके, यकृतात बनणारी पित्ताम्ले आणि अधिवृक्क ग्रंथींचे कॉर्टिसॉल ही सर्व याच कुळातील. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या रुग्णास प्रथम कॉर्टिसोन देण्यात आले, आणि पुढे लोकांच्या तोंडी स्टेरॉइड म्हणजे कॉर्टिसोनचे भाऊबंद एवढाच अर्थ उरला. ही औषधे शोथ शमवितात, परंतु शरीराची प्रतिकारशक्तीही दडपतात. आमच्या रुग्णाच्या नायट्याला खतपाणी मिळाले ते यामुळेच.

याच सांगाड्याला निराळे हातपाय जोडले, की तो जंतूंचा वैरी होतो. आपल्या दुकानांतील फ्युसिडिक आम्लाचे मलम घ्या. एका बुरशीपासून मिळालेले हे प्रतिजैविक १९६२ पासून वापरात आहे. त्याचा साचा स्टेरॉइडसदृश चार वलयांचा आहे, पण त्यास संप्रेरकाचे कार्य नाही. ते जिवाणूंची प्रथिननिर्मिती रोखते. काही मलमांत हेच आम्ल बीटामेथासोनबरोबर मिसळलेले असते. म्हणजे एकाच नळीत समान घडणीची दोन द्रव्ये, एक जंतू रोखणारे आणि दुसरे शरीराचा पहारा सैल करणारे !

शोधाचा मागोवा

१९९३ मध्ये अमेरिकेतील मायकेल झास्लोफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जातीच्या शार्क माशात स्क्वालामीन नावाचे जंतुघ्न स्टेरॉइड आढळल्याचे प्रसिद्ध केले. तेव्हापासून या वर्गाकडे संशोधकांचे विशेष लक्ष गेले. या रेणूंची युक्ती समजण्यास सोपी आहे. रेणूची एक बाजू स्नेहाशी सलगी करते, दुसरी जलाशी, आणि त्यावरील अमाइन गट धनभारित असतात. जिवाणूंचे बाह्य आवरण ऋणभारित असल्याने रेणू त्यास चिकटतो, आत शिरतो आणि आवरण फोडतो. आवरणावरच घाव बसत असल्याने जंतूस प्रतिकार साधणे तुलनेने अवघड जाते, अशी संशोधकांची अपेक्षा आहे.

हे कार्य आपल्या जिल्ह्यातही झाले, याचा अभिमान वाटावा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. ब्रज हाजरा, डॉ. वंदना पोरे व सहकाऱ्यांनी पित्ताम्लांचे रेणू दोन-दोन जोडून नवी संयुगे सिद्ध केली. त्यांचा कवकविरोधी गुण त्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. २००६ मध्ये पित्ताम्ल व फ्लुकोनॅझोल यांची जोडणी करून कॅन्डिडा कवकावर तिची परीक्षा झाली. जे पित्त आपण पचनाच्या संदर्भात शिकतो, त्याच्याच एका घटकाचा औषधाचा पाया म्हणून असा उपयोग होत आहे.

वनस्पतींकडे वळल्यास पहिला मान कुटजाचा. चरकाचार्यांनी अग्र्यसंग्रहात कुटजत्वचेस कफ, पित्त व रक्त यांचे संग्रहण आणि उपशोषण करणाऱ्या द्रव्यांत श्रेष्ठ स्थान दिले. १८५८ मध्ये हेन्स यांनी या वृक्षातील अल्कलॉइड वेगळे केल्याचा वृत्तांत मुंबईच्या वैद्यक संस्थेच्या कार्यवृत्तात नोंदविला. अश्वगंधेच्या पानांतील प्रतिजैविक तत्त्वाविषयी १९५६ मध्ये कुरुप यांनी 'करंट सायन्स'मध्ये लिहिले. पुढे विदाफेरिन-ए या नावाने ओळखले गेलेले द्रव्यही स्टेरॉइड वर्गातीलच आहे.

अलीकडचा निष्कर्ष अधिक विचार करावयास लावणारा आहे. थायलंडमधील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखविले, की कोनेसीन एकटे स्यूडोमोनास जिवाणूवर फारसे चालत नाही. मात्र प्रतिजैविक बाहेर फेकणारे जिवाणूतील पंप ते अडविते. परिणामी निष्प्रभ ठरलेली प्रतिजैविके कमी मात्रेत पुन्हा काम करू लागतात. २०१९ या एका वर्षात प्रतिजैविकरोधी जिवाणूंच्या संसर्गामुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट घडल्याचा अंदाज आहे. हे ध्यानी घेता, स्वतः न मारता मारणाऱ्यास साहाय्य करणाऱ्या द्रव्याचे मोल कळून येते.

उत्साहास लगाम

तथापि काचेच्या बशीतील यश म्हणजे रुग्णाची चिकित्सा नव्हे. आवरण फोडणारा रेणू आपल्या रक्तपेशींचे आवरणही फोडू शकतो. शुद्ध कोनेसीन पूर्वी अमीबाजन्य आवेवर पोटातून दिले गेले. त्याने निद्रानाश, भोवळ व मानसिक अस्वस्थता येऊ लागल्याने ते मागे पडले. २००८ मध्ये कळले की हे द्रव्य मेंदूतील हिस्टामीनच्या एच-३ ग्राहकांना प्रबळपणे अडविते. यावरून दोन धडे घ्यावेत. कुटजाच्या सालीचा काढा आणि वेगळे काढलेले कोनेसीन ही एक गोष्ट नव्हे. तसेच 'वनस्पतीज म्हणून निर्धोक' हे म्हणणेही शास्त्रास धरून नाही.

आपल्या भागापुरता आणखी एक प्रश्न आहे. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा पट्टा. कुडा वाढतो तो सह्याद्रीच्या रानात. आपल्या हाती येते ती बाजारातील वाळकी साल, आणि पांढऱ्या कुड्याच्या जागी काळा कुडा सर्रास खपतो. काळ्या कुड्याच्या शेंगा टोकाशी जुळलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या. पांढऱ्या कुड्याचा इंद्रजव कडू, काळ्याचा त्यामानाने गोड. साल मात्र चिरडून आली की डोळा फसतो. औषधी अल्कलॉइडांच्या बाबतीत काळा कुडा पांढऱ्याची जागा घेऊ शकत नाही. औषधनिर्मात्यांनी खरेदी केलेल्या प्रत्येक मालाची पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीने परीक्षा करावी. बारामती व इंदापूर येथील विज्ञान महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांशी संघटनेने याकरिता बोलणी करावीत, अशी आमची सूचना आहे.

आपले कर्तव्य

२०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावावयाच्या १४ स्टेरॉइडांना शेड्यूल 'एच'मध्ये घेतले. वैद्यकीय चिठ्ठीविना ती देऊ नयेत, हा नियम कागदावर राहता कामा नये. हंगामात टोळीच्या टोळी दुकानाशी येते, खाजेवर काहीतरी मागते आणि घाईत तीन-चार औषधांच्या मिश्रणाची नळी हाती पडते. दोन पैशांचा नफा सुटेल, पण आपल्याच गावच्या शिवारात राबणारी माणसे वाचतील. आणि ज्या चूर्णांत गुपचूप डेक्सामेथासोन मिसळून 'आयुर्वेदिक गुण' दाखविला जातो, ती चूर्णे विकणाऱ्यास आपल्या व्यवसायात थारा नसावा. एका भेसळीने शंभर वैद्यांची पत जाते. त्या तरुणाच्या प्रश्नामागे हीच गेलेली पत होती.

आम्ही त्यास बसवून घेतले व सांगितले, "ज्या स्टेरॉइडने तुमचा नायटा पसरला, ते या गोळीत नाही. गोळी कुड्याच्या सालीची आहे. त्या सालीतल्या द्रव्याची घडण त्या कुळातली आहे, पण काम वेगळे आहे. आवेसाठी ही घ्या. ते मलम बंद करा. काही दिवस खाज वाढेल, घाबरू नका." नायट्यासाठी त्यास त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठविले, कारण तिथे कुटजाचा आग्रह धरणे हा आमचा अहंकार ठरला असता.

त्याने चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, "असं कोणी समजावून सांगत नाही."

हे समजावून सांगण्यास प्रयोगशाळा लागत नाही.